वर्दी आली की पहिला प्रश्न "कुठं?"

प्रश्न थोडक्यात असा: "कोल्हापूर भागातल्या एका अग्निशमन आणि आणीबाणी सेवेत माहिती-तंत्रज्ञान सहायक म्हणून मी महिन्यापूर्वी रुजू झाले. वरिष्ठांना नकाशावर गाड्या दिसणारी प्रणाली हवी आहे, मोठ्या पडद्यावर आकडे हवे आहेत, जमलं तर एआयही. सध्या हाताशी कागदी वर्दी रजिस्टर (मदतीसाठी आलेल्या प्रत्येक फोनची, म्हणजे वर्दीची, नोंदवही), काही एक्सेल फायली आणि थोड्या गाड्यांवर जीपीएस एवढंच आहे. सुरुवात कशापासून करू?"

ताई, सुरुवात पत्त्यांपासून करा. पत्ते मार्गी लागले की घड्याळांकडे वळा. पडदा सगळ्यात शेवटी. मी एकोणीस वर्षं वेगवेगळ्या गावांत हे काम केलं, आणि उलट्या क्रमानं केलेली कामं दोन पावसाळेही टिकलेली पाहिली नाहीत.

एक करा. कुठलंही सॉफ्टवेअर उघडायच्या आधी तीन रात्री नियंत्रण कक्षात बसा, त्यातली एक शनिवारची असू द्या. फोन घेणाऱ्या माणसाच्या शेजारी खुर्ची टाका आणि फक्त ऐका. पलीकडून येणारं पहिलं वाक्य बहुतेक वेळा "पेटलंय, लवकर या की!" असं असतं. पत्ता त्यात नसतोच. "कुठं?" असं विचारलं की उत्तर येतं, "अहो, तालमीच्या पाठीमागं!" कोणती तालीम ते नाही. कोल्हापुरात माणूस पत्ता सांगतो तो तालमीचा, तिकटीचा (तीन रस्ते मिळतात त्या नाक्याचा), मंडळाचा, वडाच्या झाडाचा. सिटी सर्व्हे नंबर आणि ए, बी, सी, डी, ई वॉर्ड कागदावर असतात, घाबरलेल्या माणसाच्या तोंडी ते कधीच येत नाहीत.

त्यात आपल्या गावाचा स्वतःचा एक पेच आहे. आपण ज्यांना मानतो त्यांचीच नावं सगळीकडे दिली आहेत. शाहूपुरी, शाहू नाका, शाहू मिल, शाहू स्टेडियम, शाहू मार्केट यार्ड. राजारामपुरी, राजाराम कॉलेज, राजाराम तलाव, राजाराम बंधारा, राजाराम कारखाना. शिवाजी पेठ, शिवाजी चौक, शिवाजी पूल, शिवाजी उद्यमनगर, शिवाजी विद्यापीठ. ताराबाई पार्क एका टोकाला, ताराबाई रोड अंबाबाईच्या देवळाकडं, आणि ताराराणी चौक आणखी तिसरीकडं. या तिसऱ्याला अर्धं गाव अजून कावळा नाकाच म्हणतं. मागं आरडाओरडा चालू असताना "तारा..." एवढंच ऐकू आलं, तर बंब कुठल्या दिशेनं काढायचा? वीस वर्षं फोनवर बसलेल्या माणसाला हे आवाजावरून, मागच्या गोंगाटावरून कळतं. तो रजेवर गेला किंवा निवृत्त झाला की ते ज्ञानही त्याच्याबरोबर जातं. तुमचं पहिलं काम हे ज्ञान उतरवून घेण्याचं आहे.

म्हणून स्थळांची एक यादी बांधा. प्रत्येक जागेचं एक ठरलेलं नाव, त्याखाली लोक वापरतात ती सगळी नावं, अक्षांश-रेखांश, आणि त्या नावाची गल्लत होऊ शकेल अशी दुसरी ठिकाणं. "कावळा नाका" टाइप केलं की ताराराणी चौक समोर आला पाहिजे. "राजाराम" टाइप केलं की पाचही पर्याय दिसले पाहिजेत आणि प्रत्येकापुढं फोनवर विचारायचा एक छोटा प्रश्न असला पाहिजे: "गल्लीचा नंबर किती?", "जवळ नदी आहे का?" राजारामपुरीचा माणूस गल्लीचा नंबर झोपेतही सांगतो, बाकीच्यांना तो प्रश्नच कळत नाही. एवढ्यानं घोळ मिटतो.

नावं गोळा करायला कचेरीत बसू नका. जुने रिक्षावाले, पोस्टमन, वीज मीटरचं रीडिंग घेणारे, पहाटे पेपर टाकणारी पोरं, गॅस सिलिंडर पोचवणारे, यांना विचारा. आणि आपल्याच ड्रायव्हर मंडळींना विचारा. मोठी गाडी कुठल्या बोळात शिरते आणि कुठं आरसा घासतो हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. ते दुसऱ्या कुठल्याही नकाशात नाही, म्हणून रस्त्याची रुंदी, वरच्या तारा, कमानीची उंची हे रकाने यादीत पहिल्या दिवसापासून ठेवा. शिवाजी पेठेतल्या किंवा गुजरीच्या मागच्या बोळांत छोटी गाडी आधी जाते आणि मोठी कोपऱ्यावर उभी राहून होज पाइप टाकते. हे ठरवायला फोननंतर तीस सेकंदही मिळत नाहीत.

जुन्या याद्यांबद्दल एक सावधगिरी. कचेरीतल्या मराठी फायली पुष्कळदा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या असतात. पडद्यावर देवनागरी दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात, त्यामुळं शोध घेतला तर काहीच सापडत नाही. त्या आधी युनिकोडमध्ये आणा आणि आणल्यावर रफार, जोडाक्षरं, ऱ्हस्व-दीर्घ डोळ्यांनी तपासा, यंत्राच्या भरवशावर सोडू नका. गंगावेश आणि गंगावेस, बिंदू चौक आणि बिंदु चौक ही जोडी एकाच ठिकाणाची आहे हे संगणकाला आपण सांगावं लागतं.

अक्षांश-रेखांशातही दोन चुका हमखास होतात. पहिली अदलाबदलीची. कोल्हापूर साधारण १६.७ उत्तर, ७४.२ पूर्व. हे आकडे उलटे भरले तर ठिपका नॉर्वेच्याही उत्तरेला, आर्क्टिकच्या थंड समुद्रात पडतो. ही चूक एका नजरेत दिसते, म्हणून ती बरी. दुसरी चूक आकडे तोडण्याची. दशांशचिन्हानंतर तीनच आकडे ठेवले तर ठिपका जवळपास शंभर मीटरच्या चौकटीत कुठंही असू शकतो, म्हणजे राजारामपुरीत शेजारच्या गल्लीत. पाच आकडे ठेवले तर फरक एखाद्या मीटरचा राहतो. ठिपका इमारतीच्या छपरावर न ठेवता, गाडी जिथून आत शिरते त्या फाटकावर ठेवा. कारखान्यांसाठी तर हे फारच महत्त्वाचं आहे. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका प्लॉटची मागची भिंत एका रस्त्यावर आणि फाटक दुसऱ्या रस्त्यावर असतं, आणि नकाशा बिनधास्त मागच्या भिंतीपाशी नेऊन सोडतो.

"सगळ्यात जवळचं केंद्र" संगणकानं सरळ रेषेत मोजू नये हेही आत्ताच ठरवून टाका. आपल्या शहरात मध्ये रेल्वे आहे, रंकाळा आहे, जयंती नाला आहे, नदी आहे. परीख पुलाखालून जायचं तर उंचीचा प्रश्न, आणि पावसाळ्यात तिथं पाणी साचतं तो वेगळाच. अंतर रस्त्यानं मोजा, आणि गाडीच्या उंचीप्रमाणं रस्ते वेगळे ठेवा.

आता घड्याळं. प्रत्येक वर्दीला सहा वेळांची नोंद लागते: फोन वाजला, वर्दी केंद्राला दिली, गाडी फाटकाबाहेर पडली, जागेवर पोचली, आग आटोक्यात आली, गाडी परत आली. कागदावर या सगळ्या वेळा असतातच. पण त्या कधी लिहिल्या हा खरा प्रश्न आहे. एका गावातली तीन वर्षांची रजिस्टरं मी स्वतः संगणकावर चढवली तेव्हा दिसलं, की पोचल्याच्या बहुतेक वेळा पाचाच्या पाढ्यात होत्या. १०.०५, १०.१०, १०.१५. तांडेल, म्हणजे गाडीवरच्या पथकाचे प्रमुख, परत आल्यावर अंदाजानं लिहीत होते. त्यात त्यांचा दोष नव्हता. आगीसमोर उभा असलेला माणूस पेन काढून वेळ लिहीत नाही. त्या आकड्यांवर सुंदर आलेख काढून मी आधीच मोकळा झालो होतो, ते सगळे फेकून द्यावे लागले. त्यानंतर आम्ही वायरलेसवरच्या "पोचलो" या शब्दावर नियंत्रण कक्षातून एक कळ दाबायची पद्धत लावली. गाडीतल्या माणसानं काहीही लिहायचं नाही.

ही पद्धत लावण्याआधी सगळी घड्याळं एका सुरात आणा. भिंतीवरचं घड्याळ, फोनचं रेकॉर्डिंग करणारं यंत्र, संगणक आणि जीपीएस ही चारही आपापल्या वेळेनं चालतात. रेकॉर्डर तीन मिनिटं मागं असला तर गाडी फोन येण्याआधीच निघाल्यासारखी दिसते. चौकशीत हे कुणी विचारलं तर उत्तर देणं फार जड जातं. नेटवर्कवरून वेळ जुळवून घेण्याची सोय सगळ्या यंत्रांना द्या, आणि जिथं ती सोय नाही तिथं दर सोमवारी हातानं वेळ लावून नोंद ठेवा. जीपीएस यंत्रं जागतिक प्रमाणवेळ साठवतात. आपल्या वेळेत आणि तिच्यात साडेपाच तासांचा फरक. रात्री दोनची वर्दी आदल्या दिवशीच्या साडेआठला दिसायला लागली, तर गोंधळून जाऊ नका, हेच कारण असतं.

जीपीएसचं आणखी एक. यंत्र बंद पडलं की नकाशा शेवटची माहीत असलेली जागा दाखवत राहतो, आणि ती जागा बहुधा केंद्राचीच असते. म्हणजे बंद यंत्राची गाडी "केंद्रात तयार" दिसते. गाडीच्या चिन्हाजवळ शेवटचा संदेश किती मिनिटांपूर्वी आला ते दाखवा आणि ठरावीक वेळ उलटली की चिन्ह करडं करा. विकत घेतलेल्या प्रणालीत ही सोय नसेल तर करून मागा, ती मिळेपर्यंत पैसे अडवून धरा.

आकड्यांबद्दल वरिष्ठ तुमच्याकडं "सरासरी प्रतिसाद वेळ" मागतील. ती द्या, पण एकटी देऊ नका. समजा दहा वर्द्या आहेत. आठ ठिकाणी गाडी ४ मिनिटांत पोचली, एका ठिकाणी १५ आणि एका ठिकाणी २३. सरासरी येते ७ मिनिटं. आता बघा, ७ मिनिटं एकाही घराच्या वाट्याला आलेली नाहीत, आणि ज्या दोन घरांना आपण उशिरा पोचलो ती या आकड्यात दिसतच नाहीत. म्हणून दहापैकी नऊ वर्द्यांना किती वेळात पोचलो हा आकडा शेजारी ठेवा. इथं तो १५ आहे. अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संघटनेचं १७१० हे मानकही नव्वद टक्के वर्द्यांवरच मोजतं. त्यात आगीच्या वर्दीला केंद्रातून गाडी बाहेर पडायला ८० सेकंद आणि पहिली गाडी पोचायला २४० सेकंद असं लक्ष्य दिलेलं आहे. ते आपल्या रस्त्यांना जसंच्या तसं लावू नका. पण केंद्रातला वेळ आणि रस्त्यावरचा वेळ वेगळे मोजायची त्यांची रीत जरूर उचला, कारण दोन्हींचे उपाय वेगळे. पहिल्याला केंद्रातली व्यवस्था सुधारावी लागते, दुसऱ्याला नवं केंद्र, एखादी छोटी गाडी किंवा मोकळा रस्ता लागतो.

हे आकडे कुणाला नोटीस काढायला वापरले गेले, तर पुढच्या महिन्यापासून तुम्हाला खरे आकडे मिळणार नाहीत. हे वरिष्ठांना पहिल्याच बैठकीत, आदरानं पण स्पष्ट सांगा.

आता ज्या विषयासाठी मी एवढं लांब लिहायला बसलो तो, म्हणजे पूर. कोल्हापुरात आणीबाणी सेवेची माहिती पंचगंगेच्या पाण्याशी जोडलेली नसेल तर जुलै-ऑगस्टमध्ये ती निरुपयोगी ठरते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, जुलै २०२१ मध्ये ५६ फूटही ओलांडले. दोन्ही वेळा पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीपाशी पाण्याखाली जाऊन बंद झाला. केर्लीजवळ रत्नागिरीचा रस्ता गेला, गगनबावड्याकडचा गेला. चिखली-आंबेवाडीची माणसं बाहेर काढावी लागली. अशा वेळी शहराचे तुकडे होतात. पलीकडच्या तुकड्यात आग लागली तर अलीकडच्या सगळ्या गाड्या असून नसल्यासारख्या.

म्हणून फूट आणि रस्ते यांचा एक तक्ता करा. बंधाऱ्यावर इतके फूट झाले की अमुक रस्त्यावर पाणी येतं, इतके झाले की मोठी गाडी जाते पण रुग्णवाहिका नाही, इतके झाले की फक्त बोट. ही माहिती आज गावात आहे, पण विखुरलेली. सुतारवाड्यातल्या, दुधाळीतल्या, शाहूपुरी कुंभार गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना २०१९ चं आणि २०२१ चं पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं ते पाठ आहे. भिंतींवर खुणा आहेत. त्या खुणांची उंची मोजा, त्या तारखेची बंधाऱ्यावरची पातळी शेजारी लिहा, फोटो काढा. मी एका पावसाळ्याआधी दोन मुलांना बरोबर घेऊन चौदा दिवस हेच केलं. आजवर केलेल्या कामांत माझ्या मते ते सगळ्यात मोलाचं, आणि त्याला मोजपट्टी आणि वही सोडून काही लागलं नाही.

या तक्त्याचा उपयोग गाड्या आधी हलवण्यासाठी. पाणी चढतंय, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडायला लागलेत. हे एकूण सात दरवाजे, आणि एकेका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी येतं. ते पाणी शहरापर्यंत यायला काही तास लागतात. तेवढ्यात शिरोलीच्या बाजूला एक गाडी, माणसं, डिझेल आणि जेवणाची सोय जाऊन बसली पाहिजे. मग महामार्ग बंद झाला तरी एमआयडीसीतल्या भट्ट्यांना आणि पलीकडच्या गावांना वाली राहतो. तुमच्या प्रणालीनं पातळी आणि तक्ता जुळवून "पुढचा रस्ता हा जाणार, पलीकडं आपलं काय आहे?" एवढाच प्रश्न ठळक अक्षरात विचारला, तरी तिनं आपलं काम केलं. निर्णय अग्निशमन केंद्राच्या ठाणे अधिकाऱ्यांचा.

पुरात वीज जाते, मोबाईलचे मनोरे बॅटरी संपेल तसे एकेक मुके होतात. म्हणून स्थळांची यादी, रस्त्यांचा तक्ता, महत्त्वाचे नंबर हे सगळं छापून, लॅमिनेट करून प्रत्येक गाडीत आणि नियंत्रण कक्षात ठेवा. दर मे महिन्यात नवी प्रत, जुनी फाडून टाका. सर्व्हर तळघरात किंवा तळमजल्यावर असेल तर तो आजच वर न्या. एका गावात मी पाण्यात गेलेला सर्व्हर उचलून आणला आहे. त्याची बॅकअप डिस्क त्याच कपाटात खालच्या फळीवर होती. तेव्हापासून तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत, आणि तीन महिन्यांतून एकदा बॅकअपमधून माहिती खरंच परत येते का ते करून बघायचं, हा माझा नेम आहे.

इमारतींची माहिती हा पुढच्या वर्षीचा विषय धरा, पण पाया आत्ता घाला. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणं मालक किंवा भोगवटादारानं दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये, परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ब, द्यायचं असतं. हे कागद फायलीत जातात आणि आगीच्या रात्री फाईल कपाटात असते. त्या कागदांतून बंबावरच्या माणसाला उपयोगी पडतील अशाच पाच-सहा गोष्टी वेगळ्या काढा: गाडी उभी करायची जागा, विजेचं मुख्य बटण, गॅस सिलिंडर एकत्र जोडलेली जागा (गॅसची बँक), पाण्याची टाकी आणि तिची क्षमता, दुसरा जिना, रात्री आत कुणी झोपतं का. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना आपण सगळ्यांनी पाहिलं. शाहू महाराजांनी उभारलेली ती वास्तू होती, आणि दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्रीचा विचार आला की आजही घशाशी येतं. अशा जुन्या, लाकूडकामाच्या वास्तू गावात आणखी आहेत. तुमच्या यादीत त्या पहिल्या असू द्यात. मग महाद्वार रोडसारखी गर्दीची बाजारपेठ, गांधीनगरची कापडाची गोदामं, दवाखाने.

राहिलेलं भराभर सांगतो. ११२ ला लावलेला फोन नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो. तिथल्या माणसाला तालमीचं नाव सांगून उपयोग नाही, तेव्हा तिकडून आलेली वर्दी तुमच्या स्थळयादीशी जुळवायची सोय आधी करा आणि त्यांचा संदर्भ क्रमांक आपल्या नोंदीत ठेवा. १०८ चंही तसंच. मोबाईलवरून लावलेला १०१ नेमका कुठं वाजतो हे हद्दीच्या कडांवर उभं राहून, वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमवरून, नियंत्रण कक्षाला आधी कळवून तपासा. फोन करणाऱ्याचा नंबर, जखमींची नावं, घराचे फोटो व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरू देऊ नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा आहेच, पण कायदा नसता तरी ज्याचं घर जळलं त्याची लाज राखणं आपलं काम आहे.

एआयबद्दल विचारलंत. बोलण्याचं मजकुरात रूपांतर करून वर्दीची नोंद भरायला ते पुढं कामी येईल. कोल्हापुरी बोली आणि मागचा गोंगाट यांत ते कितपत टिकतं, हे स्वतःच्या जुन्या रेकॉर्डिंगवर पारखून घ्या. पत्ता मात्र माणसानं परत उच्चारून खात्री करून घ्यावी. गाडी कुठली पाठवायची हे यंत्रानं सुचवावं, माणसानं ठरवावं.

तुमच्या हातात जून उजाडेपर्यंतचा वेळ आहे. त्यात सगळं होणार नाही. नव्वद टक्के वर्द्या ज्या भागांतून येतात तिथली स्थळं, घड्याळांची जुळणी, आणि फूट-रस्त्यांचा तक्ता एवढं धरा. तक्त्याचा कच्चा खर्डा झाला की इथंच टाका. शिवाजी पुलापासून बालिंग्यापर्यंतच्या खुणा माझ्या जुन्या वहीत आहेत, त्या मी ओळीनं ताडून देतो.